न लिहिलेलं शून्य

लिनक्स कर्नलमध्ये पहिल्यांदाच एखादी दुरुस्ती पाठवू पाहणाऱ्याला एक तक्रार हमखास भेटते. एखाद्या ड्रायव्हरची फाइल उघडलेली असते. तिच्यात वरच्या बाजूला ‘स्टॅटिक इंट डीबग = ०;’ अशी साधी ओळ असते. कर्नलसोबत येणारा चेकपॅच नावाचा तपासनीस प्रोग्राम नेमकं तिच्यावरच बोट ठेवतो आणि सांगतो, स्टॅटिक व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत म्हणून शून्य देऊ नका. ‘स्टॅटिक’ हा शब्द नसेल, म्हणजे व्हेरिएबल सगळ्या प्रोग्रामभर दिसणारं ग्लोबल असेल, तरी ताकीद तीच. चेकपॅचच्या तक्रारींना तीन पायऱ्या आहेत: टिपण, इशारा आणि चूक. हे शून्य तो सर्वांत वरच्या पायरीवर, ‘चूक’ म्हणून नोंदवतो.

दुरुस्ती अगदी सोपी. ‘= ०’ खोडायचं, अर्धविराम जागच्या जागी ठेवायचा. चेकपॅचला ‘फिक्स’ हा पर्याय देऊन चालवलं, तर तो आपणच खोडून देतो.

पण सी शिकवणाऱ्या प्रत्येकाने आपल्याकडून घोकून घेतलेलं असतं की व्हेरिएबल जाहीर केलं की त्याला किंमत द्या, मोकळं सोडू नका. मग जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सी प्रोग्रामांपैकी एकात हीच काळजी चूक कशी ठरते? या प्रश्नाचा माग काढत गेलं, की कंपायलरच्या पोटातून आणि मेमरीच्या पानांमधून थेट १९५० च्या दशकातल्या पंच कार्डांच्या गठ्ठ्यापर्यंत जाता येतं. एवढ्याशा खुणेमागे इतका मोठा प्रदेश पसरलेला असावा, याचं मला अजून नवल वाटतं.

आधी या तपासनिसाची ओळख. चेकपॅच पर्ल भाषेत लिहिलेला आहे आणि कर्नलच्या स्रोतामध्येच ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात राहतो. फाइलच्या माथ्यावरची श्रेयनामावली वाचण्यासारखी आहे. २००१ साली डेव्ह जोन्स यांनी फाइल हाताळण्याचा भाग लिहिला, २००५ मध्ये जोएल शॉप यांनी ‘कुरूप भाग’ लिहिला (नोंद खरोखर याच शब्दांत आहे), २००७ पासून अँडी व्हिटक्रॉफ्ट यांनी नवे नियम आणले आणि २०१० पासून पुढे जो पर्चेस यांनी तो वाढवला.

चेकपॅच कंपायलर नाही. सी भाषेचं व्याकरण त्याला पूर्ण कळत नाही. तो फक्त अक्षरांच्या आकृत्या ओळखतो. मग एखादं व्हेरिएबल ग्लोबल आहे की एखाद्या फंक्शनच्या आतलं, हे त्याला कसं समजतं? उत्तर ऐकून गंमत वाटेल. ओळ समासाला चिकटून सुरू होते का, एवढंच तो पाहतो. कर्नलच्या लेखनशैलीत फंक्शनच्या आतली व्हेरिएबलं टॅब सोडून जाहीर करावी लागतात. म्हणून प्रकाराचं नाव पहिल्याच रकान्यात आलं, की ते व्हेरिएबल बाहेरचं. एक शिस्त पाळली जाते, म्हणून दुसरी तपासता येते. शून्याची त्याची व्याख्या मात्र ऐसपैस आहे. नुसतं ०, एकापुढे एक लिहिलेली अनेक शून्यं, हेक्साडेसिमल शून्य, ‘नल’ आणि ‘फॉल्स’ हे सगळे तिच्यात येतात.

आता मूळ प्रश्न. शून्य लिहिलं नाही तर व्हेरिएबलमध्ये काय असतं?

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकातून सी शिकली. त्यात स्टोरेज क्लासेसच्या प्रकरणात प्रत्येक वर्गाची सुरुवातीची किंमत काय, हे सांगितलेलं आहे. फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलसाठी ‘गार्बेज व्हॅल्यू’, स्टॅटिक आणि बाहेरच्या व्हेरिएबलसाठी ‘शून्य’. तोंडी परीक्षेत हे विचारतात, आपण सांगतो आणि पुढे जातो. पण एकाच भाषेत हा भेदभाव का असावा?

कारण दोघांची घरं वेगळी आहेत. फंक्शनमधलं व्हेरिएबल स्टॅकवर राहतं. फंक्शनला हाक मारली की ते जागा घेतं आणि संपलं की सोडतं. लगेच दुसरं फंक्शन त्याच जागी येऊन बसतं. आधीच्याने तिथे जे लिहून ठेवलं असेल, ते नव्याला मिळतं. सेकंदाला लाखो वेळा होणाऱ्या या ये-जेत प्रत्येक वेळी जागा पुसायची, तर वेळ खर्च होतो. १९७० च्या दशकातल्या यंत्रांना तो परवडणारा नव्हता, म्हणून सीने ती जबाबदारी प्रोग्रामरवर टाकली. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबलं मात्र प्रोग्राम सुरू होताना जन्मतात आणि तो संपेपर्यंत एकाच पत्त्यावर राहतात. त्यांची जागा आयुष्यात एकदाच पुसायची असते. तेवढं करणं स्वस्त आहे, म्हणून भाषेने त्यांना वचन दिलं: तुम्ही काही लिहिलं नाही, तर शून्य मिळेल. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात हे वचन आहे आणि १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकात ते पक्कं झालं.

नवशिक्याने इथे एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. चेकपॅचची तक्रार फक्त ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबलांबद्दल आहे. त्याच उत्साहात फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलासमोरचं ‘= ०’ खोडलं, तर चांगला चालणारा प्रोग्राम बिघडू शकतो, आणि तोही कधी बिघडेल कधी नाही अशा तऱ्हेने. अशा चुका शोधायला सर्वांत कठीण. अलीकडे स्टॅकवरचा हा कचराही सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा मानला जाऊ लागला आहे. जीसीसी या कंपायलरच्या २०२२ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून, आणि क्लँग कंपायलरमध्ये त्याही आधीपासून, स्टॅकवरची व्हेरिएबलं आपोआप शून्य करण्याची सोय आहे; कर्नल तिचा उपयोग करून घेतो. तरीही भाषेने तसं वचन दिलेलं नाही, हे लक्षात ठेवायचं.

वचन कळलं. आता ते पाळलं कसं जातं ते पाहू. मला सर्वांत जास्त भुरळ पडते ती याच भागाची.

घरच्या लिनक्स यंत्रावर एक प्रयोग करून पाहा. दहा लाख पूर्णांकांचा एक ग्लोबल अ‍ॅरे जाहीर करा, त्याला कोणतीही किंमत देऊ नका, आणि मुख्य फंक्शन रिकामं ठेवा. एक पूर्णांक ४ बाइटांचा, म्हणजे अ‍ॅरेची जागा ४० लाख बाइट. कंपाइल करा आणि तयार झालेल्या फाइलचा आकार पाहा. तो काही हजार बाइटांचाच भरतो. ४० लाख बाइट गेले कुठे? आता त्याच अ‍ॅरेच्या फक्त पहिल्या घरात १ लिहा, बाकी काही बदलू नका, आणि पुन्हा कंपाइल करा. फाइल एकदम ४० लाख बाइटांच्या वर जाते. एका घरातल्या एका आकड्याने उरलेली ९,९९,९९९ शून्यं फाइलमध्ये ओढून आणली.

‘साइझ’ ही आज्ञा याचा उलगडा करते. ती फाइलचे तीन भाग तीन रकान्यांत दाखवते. ‘टेक्स्ट’ म्हणजे यंत्राच्या सूचना, ‘डेटा’ म्हणजे किंमत दिलेली व्हेरिएबलं, आणि तिसरा ‘बीएसएस’. पहिल्या प्रयोगात ४० लाखांचा आकडा बीएसएसच्या रकान्यात दिसतो, दुसऱ्यात तो डेटाच्या रकान्यात सरकतो. डेटा विभागातला प्रत्येक बाइट फाइलमध्ये खरोखर लिहिलेला असतो. बीएसएस विभागाचा मात्र एकही बाइट फाइलमध्ये नसतो. तिथे असतो फक्त एक आकडा: इतकी जागा लागेल, ती शून्यांनी भरलेली हवी. शंभर पानांची पंगत मांडायची असली, तर स्वयंपाकघरात शंभराचा आकडा कळवतात. रिकामी पानं कुणी एकेक करून घरून वाहून नेत नाही. लिनक्सवर कंपाइल झालेले प्रोग्राम ज्या ईएलएफ फाइलींत असतात, त्यांच्या रचनेत अशा विभागाला वेगळा प्रकारच ठरवून दिलेला आहे. तो प्रकार सांगतो की या विभागाला नाव आहे, पत्ता आहे, आकार आहे, पण फाइलमध्ये मजकूर नाही.

प्रोग्राम चालू करताना ऑपरेटिंग सिस्टम दोन आकडे वाचते: फाइलमधून किती बाइट आणायचे, आणि मेमरीत किती जागा द्यायची. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा असला, तर मधला फरक म्हणजे बीएसएस. मेमरीची वाटणी होते ती पानांमध्ये. आपल्या नेहमीच्या संगणकांवर एक पान ४०९६ बाइटांचं. डेटा विभाग एखाद्या पानाच्या मध्येच संपला, तर त्याच पानाच्या उरलेल्या तुकड्यात बीएसएस सुरू होतो. तो तुकडा कर्नल हाताने पुसून देतो. कर्नलमध्ये ईएलएफ फाइली उघडणाऱ्या भागात त्यासाठी ‘पॅडझीरो’ नावाचं छोटं फंक्शन आहे.

उरलेल्या पूर्ण पानांचं काय? आपल्या अ‍ॅरेला अशी हजाराच्या आसपास पानं लागतील. कर्नल ती आधी देतच नाही. फक्त कबूल करतो. प्रोग्रामने एखादं पान पहिल्यांदा वाचायला घेतलं, की प्रोसेसर थांबून कर्नलला हाक मारतो, आणि कर्नल साधारणपणे त्याला एक सामायिक शून्य-पान दाखवतो. सगळ्या यंत्रासाठी ठेवलेलं, शून्यांनी भरलेलं, फक्त वाचता येणारं असं हे पान आहे. दुसरं पान वाचलं तरी तेच, तिसरं वाचलं तरी तेच. हजार पत्ते, पण मेमरीत जागा एकाच पानाची. कुणी त्यात काही लिहायला गेलं, की मगच कर्नल एक खरं पान शोधतो, ते पुसतो आणि त्या पत्त्यावर बसवतो. म्हणजे जो अ‍ॅरे आपण जाहीर केला पण वापरलाच नाही, त्याच्यासाठी ना डिस्कवर जागा गेली, ना मेमरीत.

आणि ते पुसणं कर्नलला कसंही करावंच लागतं. मोकळं झालेलं पान आधी दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रामकडे असू शकतं. त्यात कुणाचा पासवर्ड असेल, कुणाचं पत्र असेल. तसंच ते पुढच्याच्या हाती देता येत नाही. एकाची गुप्तता राखण्यासाठी केलेली पुसापुशी दुसऱ्याला दिलेलं शून्याचं वचन आपोआप पुरं करते. दोन निरनिराळ्या गरजा एकाच कामात भागल्या, हे मला फार देखणं वाटतं.

एक बारकावा मध्येच सांगून टाकतो. भाषेचं वचन ‘सगळे बिट शून्य’ असं नाही. आकडा असेल तर त्याची किंमत शून्य, पॉइंटर असेल तर तो नल, असं ते वचन आहे. आजच्या बहुतेक यंत्रांवर नल पॉइंटर म्हणजे सगळे बिट शून्य, आणि दशांश संख्यांच्या १९८५ च्या प्रमाणकातही शून्याचं रूप तेच. म्हणून मेमरी पुसली की सगळ्यांचं समाधान होतं. पण प्राइम कंपनीच्या ५० मालिकेतल्या यंत्रांसारखी काही यंत्रं अशी होती, जिथे नल पॉइंटरचे सगळे बिट शून्य नसत. अशा यंत्रांवर बिट पुसून भागत नाही. न लिहिलेल्या ग्लोबल पॉइंटरमध्ये खरी नल किंमत भरण्याचं काम कंपायलरवर येतं. वचन कायम राहतं, पाळण्याची रीत बदलते.

ही बीएसएसची कल्पना आली कुठून? अमेरिकेत १९५४ साली आयबीएमने ७०४ हे यंत्र जाहीर केलं. त्याची मेमरी फार तर ३२,७६८ शब्दांची, प्रत्येक शब्द ३६ बिटांचा. विमानाची इंजिनं बनवणाऱ्या युनायटेड एअरक्राफ्ट कंपनीत रॉय नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्रासाठी एक असेंब्लर लिहिला. त्यात एक आज्ञा होती: या नावापासून सुरू होणारी इतक्या शब्दांची जागा मोकळी सोड. तिचं इंग्रजी नाव ‘ब्लॉक स्टार्टेड बाय सिंबॉल’, आणि त्याची तीन आद्याक्षरं म्हणजे बीएसएस. प्रोग्राम पंच कार्डांवर असायचे, त्यामुळे मोकळ्या जागेसाठी कार्डांचा गठ्ठा वाढवणं निरर्थक होतं. नाव आणि आकडा एवढंच पुरे. हेच रॉय नट पुढे फोरट्रान भाषा तयार करणाऱ्या जॉन बॅकस यांच्या चमूत होते, आणि १९५९ मध्ये त्यांनी कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन या कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला.

त्या काळी ही जागा राखून ठेवली जायची, पुसली जायची असं नाही. आयबीएमच्या पुढच्या यंत्रांच्या असेंब्लरांतही ही आज्ञा राहिली, आणि तिथून ती बेल लॅब्जमध्ये युनिक्सकडे आली. हा वारसा खुद्द डेनिस रिची यांनी नोंदवून ठेवला आहे. युनिक्समध्ये मोकळ्या जागेच्या जोडीला शून्याची हमी मिळाली. आज खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या कर्नलमध्ये बीएसएस नावाचा विभाग आहे, ७०४ साठी घडलेली तीन अक्षरं जशीच्या तशी.

मग शून्य लिहिल्याने बिघडत काय होतं? पूर्वी खरोखर बिघडत होतं. जीसीसी कंपायलर जुन्या काळी अगदी शब्दशः वागायचा. किंमत दिली आहे ना, मग ती शून्य असली तरी डेटा विभागात जायची, आणि फाइलमध्ये शून्याचे चार बाइट खरोखर लिहिले जायचे. एका ड्रायव्हरमध्ये चार, दुसऱ्यात बारा, असे हजारो ठिकाणी साचणारे बाइट. कर्नल फ्लॉपीवर मावावा म्हणून लोक धडपडत, त्या दिवसांतली ही गोष्ट. शून्य खोडलं की व्हेरिएबल बीएसएसमध्ये जायचं आणि फाइल तेवढी हलकी व्हायची. चेकपॅचच्या या नियमाची मुळं त्या काटकसरीत आहेत.

२००३ च्या सुमारास जीसीसीने ही सवय बदलली. शून्य लिहिलेलं व्हेरिएबलही तो आता स्वतःहून बीएसएसमध्ये टाकतो. जुनी वागणूक हवी असणाऱ्यांसाठी एक पर्याय ठेवला आहे, आणि त्याच्या माहितीपत्रकात कारणही दिलं आहे: काही प्रोग्राम आपली व्हेरिएबलं डेटा विभागातच असतील, असं गृहीत धरून लिहिलेले असतात. म्हणजे आज ‘= ०’ खोडून सहसा एक बाइटही वाचत नाही.

तरी नियम टिकून आहे, आणि कर्नलच्या बाबतीत तो टिकावा असंच माझं मत आहे. कोट्यवधी ओळींच्या या प्रोग्रामात वाचणाऱ्याचं लक्ष हीच सर्वांत महाग वस्तू. शून्य सगळीकडे गृहीत असलं, की जिथे ‘= १’ किंवा ‘= ३०’ लिहिलं आहे ती ओळ लगेच डोळ्यांत भरते, आणि इथे काही ठरवून केलं आहे हे कळतं. विरुद्ध बाजूही पोकळ नाही. ‘डीबग = ०’ हे शब्द वाचणाऱ्याला सांगतात की डीबग बंद ठेवणं हा लेखकाचा निर्णय आहे, विसरभोळेपणा नाही. जिथे वाचणाऱ्यांना भाषेचं वचन पाठ असेलच असं नाही, तिथे, उदाहरणार्थ विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात, मी शून्य लिहूनच ठेवायला सांगेन.

आता एक प्रश्न उरतो. प्रोग्रामची जागा कर्नल पुसून देतो, पण कर्नलही सीमध्येच लिहिलेला आहे. त्याच्या ग्लोबल व्हेरिएबलांना शून्य कोण देतं? त्याच्यासाठी हे काम करणारं कुणी नसतं, म्हणून तो स्वतःच स्वतःची पाटी पुसतो. इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांवर कर्नलचा सीमध्ये लिहिलेला भाग सुरू झाला, की अगदी सुरुवातीच्या कामांत ‘क्लिअर बीएसएस’ नावाचं फंक्शन येतं. बीएसएसच्या सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. मूळ आर्डुइनो ऊनोसारख्या छोट्या बोर्डावर हेच घडतं. त्याच्या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि फक्त २ किलोबाइट रॅम. वीज मिळताच आपण न लिहिलेला एक तुकडा धावतो. तो किंमत दिलेली व्हेरिएबलं फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवतो आणि बीएसएसची जागा पुसतो. आपलं ‘सेटअप’ फंक्शन त्यानंतर. शून्याहून वेगळी किंमत दिलेलं व्हेरिएबल अशा चिपवर दोनदा जागा खातं, एकदा फ्लॅशमध्ये आणि एकदा रॅममध्ये.

पण स्वतःची पाटी पुसण्यात एक धोका आहे. पुसण्याच्या आधीच कुणी काही लिहून ठेवलं असेल तर? दाबून ठेवलेला कर्नल उलगडणाऱ्या भागात एक पॉइंटर नेमका असा आहे: त्यात किंमत आधी भरली जाते, बीएसएस नंतर पुसला जातो आणि पॉइंटर त्यानंतर वाचायचा असतो. तो बीएसएसमध्ये राहिला तर मधल्यामध्ये नाहीसा होईल. म्हणून कर्नलच्या लेखकांनी त्याला नाव घेऊन डेटा विभागात बसवलं, आणि असं का केलं, हे त्याच्या वरच्या टिपणात लिहून ठेवलं.

ग्लोबल व्हेरिएबलांबद्दलची दुसरी एक जुनी कहाणी २०२० मध्ये अचानक सगळ्यांसमोर आली. दोन वेगळ्या फाइलींत ‘इंट मोजणी;’ अशी एकच ओळ लिहिली, तर काय व्हावं? भाषेच्या नियमाने एका नावाचं ग्लोबल व्हेरिएबल एकाच ठिकाणी जन्मायला हवं. पण जीसीसी अशी किंमत न दिलेली व्हेरिएबलं ‘कॉमन’ नावाच्या वेगळ्या गटात ठेवायचा, आणि कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा लिंकर एकसारख्या नावांना गुपचूप एकत्र करून टाकायचा. ही रीत थेट १९५८ च्या फोरट्रान २ मधल्या ‘कॉमन’ विधानातून आलेली. निरनिराळ्या उपप्रोग्रामांना एकच जागा वाटून घेता यावी, यासाठी ते विधान होतं. सीमध्ये मात्र ती चुकांवर पांघरूण घालत होती. दोन माणसांनी दोन वेगळ्या कामांसाठी योगायोगाने एकच नाव निवडलं, तर दोघांची व्हेरिएबलं मुकाट एक व्हायची.

मे २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि त्याने ही रीत मूळ वागणुकीतून काढून टाकली. इतकी वर्षं बिनबोभाट तयार होणारे प्रोग्राम एकाएकी ‘एकाच नावाच्या अनेक व्याख्या’ अशी चूक दाखवून थांबू लागले. फेडोरा, जेंटू अशा लिनक्स वितरणांच्या लोकांना एकेक पॅकेज दुरुस्त करत बसावं लागलं. कर्नल स्वतः फार आधीपासून ‘कॉमन’ न वापरण्याच्या पर्यायाने कंपाइल होत होता, म्हणून तो वाचला. पण कर्नल बांधायला लागणारं, हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या ‘डिव्हाइस ट्री’ फाइली वाचणारं एक छोटं साधन त्या शिस्तीच्या बाहेर होतं. त्यात ‘वायवायलॉक’ नावाचं व्हेरिएबल दोन ठिकाणी जाहीर झालेलं होतं. जुने अँड्रॉइड कर्नल नव्या कंपायलरने बांधणारे कित्येक लोक तिथेच अडकले. दुरुस्ती? दोनांपैकी एक ओळ खोडायची.

या दोन कहाण्या, शून्याची आणि कॉमनची, एका ठिकाणी भेटतात, आणि तिथे चेकपॅचचा नियम उलटा होतो. कर्नलच्या आत सुरक्षितपणे चालवता येणारे बीपीएफ नावाचे छोटे प्रोग्राम असतात. तेही सीमध्ये लिहितात आणि सहसा क्लँगने कंपाइल करतात. क्लँगच्या १० व्या आणि त्याआधीच्या आवृत्त्या किंमत न दिलेलं ग्लोबल व्हेरिएबल कॉमन गटात टाकायच्या, आणि बीपीएफ प्रोग्राम मेमरीत चढवणाऱ्या लायब्ररीला तो गट चालत नसे. व्हेरिएबल बीएसएसमध्ये जावं यासाठी खात्रीचा उपाय म्हणजे ‘= ०’ स्पष्ट लिहायचं. जे शून्य बाकी कर्नलमध्ये चूक, ते इथे गरजेचं. म्हणून २०२१ मध्ये चेकपॅचमध्ये एक छोटं फंक्शन घातलं गेलं. ते फाइलचा पत्ता आणि नाव पाहतं, आणि ती बीपीएफ प्रोग्रामची फाइल असेल, तर ग्लोबल व्हेरिएबलच्या शून्याबद्दल चेकपॅचला काहीही बोलू देत नाही. क्लँगने ११ व्या आवृत्तीत कॉमनची रीत सोडली, पण जुन्या आवृत्त्या वापरणारे लोक होतेच, आणि त्यांच्यासाठी ते शून्य त्या फाइलींत लिहिलेलंच राहिलं.